पळून जाण्याचं अंदाजपत्रक

माझी भाची पळून जाणार आहे, ही बातमी मला तिच्या आईनंच दिली. ताईचा फोन आला तेव्हा मी शाखेत होतो आणि काऊंटरसमोर पेन्शनरांची रांग होती. "अरे, पोरगी पळून जाऊ राह्यली," ताई म्हणाली. माझ्या हातातलं पासबुक छपाईयंत्रात तिरकं गेलं आणि एका निवृत्त फिटरच्या खात्यातली शिल्लक त्याच्या नावावर छापली गेली. मी घाबरून विचारलं, "कधी?"

"फेब्रुवारीत. तिकिटं साठ दिवस आधी निघतात म्हणे, म्हणून आत्ताच ठरवू राह्यले. तू रविवारी ये. तिला तुझ्याकडून हिशेब तपासून घ्यायचाय."

बँकेच्या वीस वर्षांच्या नोकरीत मी पळालेली माणसं पुष्कळ पाहिली. कर्ज घेऊन पळालेले पाहिले, त्यांचे जामीनदार पळालेले पाहिले, वसुलीला गेलो असताना मागच्या दारानं केळीच्या बागेत पळालेले पाहिले. पण रिझर्व्हेशन करून, आईला तारीख सांगून आणि मामाकडून बेरीज तपासून घेऊन पळणारी पार्टी मात्र या रविवारीच पहिल्यांदा पाहिली.

ताई दीपनगरच्या वसाहतीत राहते. भाऊजी औष्णिक केंद्रात आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. खिडकीतून चिमण्या दिसतात, म्हणजे उडणाऱ्या नव्हेत, धूर सोडणाऱ्या. भाचीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. वर मथळा होता, 'इलोपमेंट बजेट : जैसलमेर'. खाली रकाने होते : प्रवास २८,००० रुपये. छायाचित्रकार व त्याचा मदतनीस १,८०,०००. ड्रोन २५,०००. तंबूतला मुक्काम ७२,०००. पोशाख ५५,०००. उंट (नग २) ६,०००. रंगीत धुराची नळकांडी ४,५००. इतर ५,०००. एकूण ३,७४,५००.

मी बी.कॉम. माणूस. भाचीचं आयुष्य कुठल्या दिशेला चाललंय हे बघण्याआधी मी बेरीज केली. ती ३,७५,५०० येत होती.

"हजार रुपये कमी धरलेस," मी म्हटलं.

"थँक्यू, मामा," ती म्हणाली. "बाकी ठीक आहे ना?"

बाकी काय ठीक असणार? माझी नजर धुराच्या नळकांड्यांवर अडकली होती. जिथं दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी काढताना झटकून घ्यावा लागतो, त्या दीपनगरची मुलगी साडेचार हजार रुपये देऊन धूर विकत घ्यायला जैसलमेरला निघाली होती! मी तसं बोलूनही दाखवलं. "मामा, तो गुलाबी असतो," असं उत्तर मिळालं.

मग योजना कळली. आधी जळगावला नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं. मग नवरा-नवरी, दोन मैत्रिणी, छायाचित्रकार आणि त्याचा मदतनीस अशा सहा जणांनी सुरत, अहमदाबाद, जोधपूर करत जैसलमेर गाठायचं. तिथून चाळीसेक किलोमीटरवर सम नावाच्या गावाशी वाळूच्या टेकड्या आहेत. त्या टेकड्यांवर सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला नवरीनं घागरा सावरत पळायचं, नवऱ्यानं हात धरायचा आणि वरून ड्रोननं दोघांची पावलं टिपायची. या सगळ्याला हल्ली इलोपमेंट म्हणतात. त्याची पॅकेजं मिळतात, जाहिराती येतात. ताईनं वाटेसाठी मेथीचे लाडू आणि कळण्याच्या पुऱ्या द्यायचं कबूल केलं होतं.

माझं पहिलं भांडण इथं सुरू होतं. पळून जायला काय लागतं? कुणीतरी मागे लागलेलं असावं लागतं. आपल्याकडची पळून जाण्याची सर्वांत जुनी आणि उत्तम आखलेली योजना रुक्मिणीची. विदर्भातल्या कौंडिण्यपूरची ही मुलगी. भावानं शिशुपालाशी लग्न ठरवलेलं, वऱ्हाड दारात. तिनं भागवतात सात श्लोकांचं पत्र लिहिलंय आणि त्यात सगळा कार्यक्रम आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला बाहेर पडण्याची रीत आहे, तिथून मला ने. पत्र नेणारा एक ब्राह्मण, आणायला एक रथ. अंदाजपत्रकात दुसरी बाब नाही. पाठलागाला भाऊ सैन्य घेऊन आला, तर त्याची अर्धीमुर्धी हजामत करून परत पाठवला. एकनाथ महाराजांनी यावर अख्खं 'रुक्मिणीस्वयंवर' रचलं आणि लग्न जमावं म्हणून आपल्या आयाबाया अजून ते मुलींकडून वाचून घेतात. म्हणजे पळून गेलेल्या मुलीची पोथी वाचायला लावायची आणि वाचणारी खरोखर पळाली की तिच्या नावानं आंघोळ करायची! असो. सांगायचं इतकंच, की रुक्मिणीच्या रथाच्या मागे शिशुपाल होता. माझ्या भाचीच्या मागे ड्रोन होता, आणि त्यालाही पंचवीस हजार द्यायचे होते.

दुसरं भांडण वाळवंटाशी. सम हे गाव डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे. तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा मुलूख जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलाय. नाव राष्ट्रीय उद्यान, पण कायद्याच्या दप्तरी अभयारण्य. बँकेत 'चालू' नावाची खाती वर्षानुवर्षं बंद पडलेली असतात, त्यातलाच प्रकार. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीची जी कारणं दिलीत त्यात छायाचित्रण हे चक्क नाव घेऊन दिलंय. म्हणजे सरकारला छायाचित्रकारांची धास्ती तेव्हापासून आहे.

हे जपायचं कुणासाठी, तर माळढोकासाठी. दहा-पंधरा किलोचा हा पक्षी आता सगळा मिळून दीड-दोनशेच्या आतच उरलाय. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं. तिथं आता तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. माळढोकाची रीत ऐकण्यासारखी आहे. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट उभारतो, उंचवट्यावर येऊन डौलात फिरतो आणि लांबवर ऐकू जाईल असा घुमतो. हे शूटिंग झालं की तो मोकळा. जमिनीवर घातलेलं एकुलतं एक अंडं मादी एकटी उबवते, पिल्लू एकटी वाढवते. प्री-वेडिंग आहे, वेडिंग नाही! त्यात या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि तो विजेच्या तारांवर आपटून मरतो. हे वाचल्यापासून आम्हा दीपनगरवाल्यांना बटण दाबताना थोडं अपराधी वाटतं.

"आणि वाळवंटच पाहिजे तर इथं काय कमी आहे?" मी म्हटलं. आमच्या वेल्हाळ्याकडे औष्णिक केंद्राच्या राखेचा तलाव आहे. उन्हाळ्यात तो सुकला की क्षितिजापर्यंत करडं वाळवंट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, जैसलमेरनं शिकून जावं असा. वारा सुटला की वादळ फुकट. भाऊजी चहा पिता पिता एकदम गंभीर झाले. म्हणाले, "चेष्टेतही पोरांना तिकडे पाठवू नको. वरून पापुद्रा कडक दिसतो, खाली गाळ असतो. माणूस आत जातो." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्याच्या घरावर रोज ती राख बसते त्याला तिच्यात फोटो काढावासा वाटत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फोटोंविषयी माझं मत काय विचारता! माझ्या लग्नात तीन रोल संपले. एकशे आठ फोटोंपैकी एकशे एकमध्ये मी वाकलेला आहे, कारण कुणाच्या तरी पाया पडतो आहे. उरलेल्या सातांत डोळे मिटलेले आहेत. व्हिडिओ कॅसेटला बुरशी आली, त्यामुळे बायको आता माझ्या मामानं केलेलं भाषण पुराव्यानिशी सिद्ध करू शकत नाही. पण त्या अल्बमात वरण-बट्टीच्या पंगतीत माझी आजी बसलेली आहे, आणि ती नंतर चार महिन्यांनी गेली. ती काही 'पोज' देत नव्हती. बट्टी मोडत होती.

हे ऐकून भाची म्हणाली, "मामा, तुमच्या हिशेबानं आठशे माणसं जेवली की लग्न खरं, आणि सहा माणसं असली की नाटक?"

मी म्हटलं, "तसं नाही."

"तसंच आहे." तिनं लॅपटॉपमधला दुसरा कागद उघडला. हा तिनं तिच्या बापाच्या वतीनं केला होता. मांडव, बस्ता, हळद, मानपान, बॅण्ड, आठशे पानं. एकूण अकरा लाख. त्यातले सहा लाख कर्ज. "हे कर्ज पप्पा निवृत्त झाल्यावर तीन वर्षं फेडत बसतील. माझे तीन लाख पंचाहत्तर हजार माझ्या पगारातले आहेत. आता सांगा, उधळी कोण?"

भाऊजी खिडकीतून चिमण्या मोजू लागले. हप्ता किती बसेल हे त्यांनी आदल्याच आठवड्यात मला एकट्याला गाठून विचारलं होतं, आणि मी तो काढूनही दिला होता. पर्सनल लोनच्या अर्जावर 'कारण' असा रकाना असतो. त्यात 'मुलीचं लग्न' लिहिलं की आम्ही कर्मचारीसुद्धा हसून अभिनंदन करतो. मुलीच्या आठवणीत राहावं म्हणून बाप कर्ज काढतो आणि पुढची पाच वर्षं तिची आठवण दर महिन्याच्या पाच तारखेला येते. या कर्जाच्या बाबतीत माझी भाची शंभर टक्के बरोबर होती आणि मी तिला तसं सांगितलं. आमच्या खानदेशात साखरपुड्यालाच लग्न उरकून मोकळे होणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार आहे. उंटालाही माझी हरकत नाही. स्वतःच्या पैशानं उंटावर बसण्याचा हक्क घटनेनं दिलेला असावा.

माझं भांडण उरतं ते एका शब्दाशी. पळून जाणं. तो शब्द मी तिला देणार नाही. तो दुसऱ्यांचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका तालुक्याच्या शाखेत होतो. एक मुलगी आवर्त ठेवीचं पुस्तक घेऊन काऊंटरवर आली. मुदत पुरी व्हायला चार महिने होते आणि तिला खातं बंद करायचं होतं. मी नेहमीप्रमाणे शहाणपणा शिकवला, "चार महिने थांबा, व्याज बुडेल." ती म्हणाली, "साहेब, चार महिन्यांत माझं दुसरीकडे उरकतील." मी मुकाट्यानं फॉर्म दिला. मुलगा दाराशी उभा होता, दुसऱ्या जातीचा. जातींची नावं सांगत नाही. कोणत्याही दोन घाला, हिशेब जमतो.

त्या दोघांना विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं होतं. १९५४ चा हा कायदा तसा फार चांगला. भटजी नको, जात नको, मुहूर्त नको. मुलगा एकवीसचा, मुलगी अठराची, तीन साक्षीदार आणि एक वाक्य. पण त्यात एक मेख आहे. आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी तीस दिवस लावायची आणि कुणालाही हरकत घेऊ द्यायची. एखाद्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही लावतात. म्हणजे पळणारा घरातून निघायच्या आधी त्याच्या पळण्याची बातमी सरकारी खर्चानं गावी पोचते! आधीचं लग्न लपवलेलं नाही ना, वय पुरं आहे ना, नात्यात तर नाही ना, एवढंच बघायला ती नोटीस असते. बापाला जावई पसंत नाही, ही हरकत कायद्यात बसत नाही. पण बापाला कायदा वाचायचाच नसतो, त्याला पत्ता वाचायचा असतो. चोराच्या हवाली किल्ली द्यावी आणि वर पावती घ्यावी, तसलं हे कलम आहे. बँकेत तुमच्या खात्यात किती पैसे आहेत ते मी तुमच्या सख्ख्या भावाला सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आणि तुम्ही कुणाशी लग्न करणार ते सरकार भिंतीवर लावतं! दोन सज्ञान माणसांना लग्नासाठी घराण्याची, जातीची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलं. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस लावायची की नाही ते जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. कायद्याच्या पुस्तकात मात्र ते कलम आहे तिथंच आहे. ते काढून टाकावं. वय आणि आधीचं लग्न तपासायला सरकारकडे आज आधारपासून काय काय आहे, त्यासाठी भिंत कशाला पाहिजे?

त्या मुलीनं मला विचारलं होतं, "साहेब, दोन साक्षीदार आहेत. तिसरे तुम्ही याल?" मी म्हटलं, "आमचं ऑडिट आहे." ऑडिट होतं, पण पुढच्या आठवड्यात.

नोटीस लागून एकोणिसावा दिवस होता. खरेदीखतासाठी आलेल्या त्यांच्याच गावच्या एका माणसानं ती वाचली. त्यानंतर मुलगी दिसली नाही. गावात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं आणि ते मी इथं लिहिणार नाही. दोन महिन्यांनी दोघांनी आळंदी गाठली. आळंदीची गंमत अशी, की ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत आळंदीच्या रुक्मिणीशी लग्न करून, संसारातून पळून, काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंनी त्यांना परत पाठवलं. आणि आज सगळ्या महाराष्ट्रातून लग्नासाठी पळालेली पोरं आळंदीलाच येतात. तिथंही पॅकेज असतं : भटजी, हार, अक्षता आणि फोटो. तो फोटो आठवणीसाठी नसतो. सप्तपदी झाली, लग्न लागलं, हे उद्या पोलीस चौकीत दाखवावं लागलं तर असावा म्हणून काढतात. पाठीमागे दुसऱ्या जोडप्याचा मांडव दिसतो.

वर्षभरानं सुरतेहून आमच्या शाखेत एक पाकीट आलं. तिला खातं तिकडे न्यायचं होतं. अर्जाला पासपोर्ट आकाराचा फोटो लावलेला होता. तो मी निरखून पाहिला. मोठ्या फोटोतून कापलेला होता. तिच्या खांद्यावर हाराची कड आली होती, आणि एका बाजूला दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा इंच खांदा. नियमाप्रमाणे असा फोटो चालत नाही. मी शिक्का मारला आणि अर्ज पुढे पाठवला. माझ्याकडून तेवढंच झालं.

हे मी त्या रविवारी ताईच्या घरी सांगितलं. सांगताना मी भाचीवर ओरडलो असणार, कारण शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई डोकावून गेल्या. भाची काही बोलली नाही. ताई म्हणाली, "अन् तू गेला नाहीस साक्षीला?" आमच्या घरात माझी बेरीज ताई तपासते.

नंतर भाचीनं कागद बदलला. मथळा आता 'लग्नाचं बजेट' असा आहे. गुलाबी धूर रद्द केला, ड्रोनही गेला, माळढोकाच्या मुलखात नकोच म्हणाली. उंट दोन्ही कायम आहेत. भाऊजींच्या हट्टानं साठ पानांची वरण-बट्टी वाढली, तीही वसाहतीतच, कर्जाशिवाय. नवरा मुलगा धुळ्याचा, म्हणून यांचीही नोटीस दोन ठिकाणी लागली. ती स्वतः जळगावला जाऊन आपली नोटीस बघून आली. घरचं कुणी हरकत घेणार नसल्यामुळे तिला आधी ती गंमतच वाटली होती, तिथं उभं राहून फोटो काढायचा म्हणत होती. आली ती फोटो न काढताच. म्हणाली, "मामा, आमच्या नोटिशीच्या शेजारी आणखी चार होत्या. एक माणूस त्या बोट ठेवून ठेवून वाचत होता."

"मग?"

"मग मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो जाईपर्यंत."

परवा ताईचा फोन आला. सोळा तारखेला अकरा वाजता जळगाव, तिसरा साक्षीदार मी. रजेचा अर्ज दिला तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, त्या आठवड्यात ऑडिट आहे. मी म्हटलं, असू द्या.